दुकानदाराने सांगितलेल्या पहिल्याच किमतीला जुना पीएस४ देऊ नकोस

भावा, तुझ्या जुन्या पीएस४ स्लिमला (टीव्हीला लावून गेम खेळायचा कन्सोल) म्हापशाच्या दुकानात ८ हजार सांगितले म्हणून तू लगेच देऊन टाकायला निघालायस, जरा थांब. माझ्या पीएस४ला पण गेल्या वर्षी पणजीत एका दुकानदाराने ९ हजार सांगितलेले, मी परत घरी आणला आणि चवथीच्या आधी फोंड्याच्या एका मुलाला थेट साडेतेरा हजारांना दिला. दुकानदार स्वतःचं मार्जिन धरूनच बोलणार, मग गिऱ्हाईक शोधून दाखवायची मेहनत आपणच केलेली बरी.

ऑनलाइन जाहिरातीत लोक मागतात तो भाव धरू नकोस, आठवडाभर बघत रहा, ज्या पटकन निघून जातात त्यांचाच भाव खरा. आपल्या गोव्यात खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे घेणारा पहिलं गंजाचं विचारतो. मागचा एचडीएमआय पोर्ट (टीव्हीची वायर लागते ती जागा) आणि स्क्रू यांचे उजेडात जवळून फोटो टाक. माझ्या कंट्रोलरची डावी स्टिक आपोआप सरकायची, मी ते आधीच सांगितलं, त्याचे ५०० कमी केले पण नंतर कटकट झाली नाही. बिल, खोका असेल तर फोटोत दाखवच, गेमच्या डिस्क मात्र वेगळ्या विक, एकत्र दिल्या तर त्यांचे कोण काही धरत नाही.

गिऱ्हाइकाला घरीच टीव्हीला लावून गेम चालवून दाखव, मग त्याच्यासमोर तुझं अकाउंट काढून पूर्ण रिसेट मार. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, कोणी क्यूआर पाठवून स्कॅन कर म्हणाला तर सरळ ब्लॉक कर.