पंधरा लाखांत विजेवरची सेडान: गोव्यात घ्यावी की नाही?

पर्वरीकरीण
आमची पेट्रोलवरची सेडान बारा वर्षांची झाली. रोज पर्वरी ते मडगाव आणि परत, म्हणजे ऐंशी किलोमीटर. बजेट पंधरा लाख. नवी गाडी विजेवरची घ्यायची हे घरात ठरलंय, पण माझा हट्ट सेडानचा आणि बाकी सगळे म्हणतात उंच गाडी घे.

सेडानची डिकी वेगळी असते. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून बांगडे आणले तर घरी पोचेपर्यंत गाडीत वास राहत नाही. चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांचं सामान भरून वरून झाकण लावलं की झालं. शिवाय गाडी बुटकी असल्यामुळे वळणावर झुलत नाही आणि वाऱ्याला कमी अडते, म्हणजे तेवढ्याच बॅटरीत जास्त पळायला हवी.

पण माझ्या पैशांत विजेवरची सेडान एकच सापडली, टाटाची टिगोर ईव्ही. 26 किलोवॅट-तासांची, म्हणजे 26 युनिटांची बॅटरी, कागदावर 315 किलोमीटर, 2022 च्या सुधारणेनंतर एक्स-शोरूम 12.49 लाखांपासून. त्याच्या वर थेट बीवायडी सील, जी 2024 मध्ये 41 लाखांपासून पुढे विकायला आली. बाहेरच्या देशांत या वर्गात टेस्ला मॉडेल 3 आहे, ह्युंदाई आयोनिक 6 आहे. आपल्याकडे होंडा सिटी-ह्युंदाई व्हर्नाच्या मापाच्या विजेवरच्या सेडानची जागा रिकामीच आहे. अशा वेळी टिगोर घेण्यात चूक आहे का?

डिचोलीचा गॅरेजवाला
ताई, घेऊ नका. टिगोर ईव्हीला ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या आदळून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने, 2021 मध्ये पाचपैकी चार तारे दिले, मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी 17 पैकी 12 गुण. ती चाचणी जुन्या नियमांची आहे. जुलै 2022 पासून बाजूची धडक आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणा या गोष्टीही मोजायला लागले. या गाडीत एअरबॅगही दोनच.

तुमच्याच बजेटमध्ये टाटाच्याच उंच गाड्या पंच ईव्ही आणि नेक्सॉन ईव्ही बसतात आणि दोन्हींना 2024 मध्ये भारत एनकॅपचे, म्हणजे आपल्या देशातल्या तशाच चाचणीचे, पाच तारे मिळालेत. तिथे समोरून ताशी 64 किलोमीटरने, बाजूने 50 ने आणि खांबावर 29 ने गाडी आदळून बघतात. मला ती खांबाची चाचणी सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या गावच्या रस्त्यांना माड आणि विजेचे खांब किती खेटून असतात ते तुम्हीही बघता. गाडी आडवी घसरून दारावर खांब बसला की समोरची एअरबॅग काय करणार? माझ्याकडे अशा दारांच्या गाड्या येतात, म्हणून पोटतिडकीने सांगतो.

वास्कोकर
मी तीन वर्षं टिगोर ईव्ही चालवतोय, तेव्हा दुसरी बाजू सांगतो. एसी लावून, चार माणसं बसवून एका चार्जवर 200 ते 220 किलोमीटर जाते. भर पावसात काच साफ ठेवायला सगळं चालू असतं तेव्हा 190 धरा. कागदावरचे 315 प्रयोगशाळेतल्या ठरलेल्या चक्राचे आहेत, ते मनातून काढा. टाटा स्वतःच हल्ली सी75 नावाचा आकडा देतात, म्हणजे 75 टक्के गिऱ्हाइकांना प्रत्यक्षात मिळेल असा. नेक्सॉनच्या 45 च्या बॅटरीला कागदावर 489 आणि सी75 मध्ये 350 ते 375.

पण गोव्यात लागतं किती? उत्तर टोकाच्या पत्रादेवीहून निघून दक्षिण टोकाच्या पोळेपर्यंत गेलात तरी दीडशेच्या आत राज्य संपतं. तुमच्या ऐंशीला टिगोरची निम्मीही बॅटरी लागत नाही. 15 अँपिअरच्या साध्या प्लगवर रिकामी बॅटरी भरायला नऊ-साडेनऊ तास, आणि रोज रिकामी होतच नाही.

आता पैशांचं बोलू. महिन्याला 1800 किलोमीटर धरा. पेट्रोलची सेडान लिटरला पंधरा देत असेल तर 120 लिटर, म्हणजे साडेअकरा हजारांच्या आसपास. टिगोर एका युनिटमध्ये आठ किलोमीटर जाते. चार्ज करताना वाया जाणारं धरून 250 युनिट, युनिटला सहा रुपये धरले तरी दीड हजार. महिन्याला दहा हजार वाचले, की पेट्रोलच्या टिगोरपेक्षा जास्त दिलेले साडेचार लाख चार वर्षांच्या आत फिटतात.

म्हापशाचा
हा हिशेब घरी प्लग असेल तरच खरा. मी फ्लॅटमध्ये राहतो. आमच्या कमिटीने पार्किंगमध्ये पॉइंट द्यायला आठ महिने लावले आणि तोवर मी बाहेर चार्ज करत होतो. तिथे वीज युनिटला वीस रुपयांच्या घरात, वर 18 टक्के जीएसटी. सप्टेंबर 2024 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आपल्या घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करायला मुभा आहे, तो कागद मी बैठकीत ठेवला तेव्हा कुठे काम हललं. ताई, गाडी ठरवण्याआधी तुमच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत वायर कुठून जाणार ते बघून घ्या.

आणि विजेवरचीच घ्यायची घाई नसेल तर मारुतीची पेट्रोलवरची सेडान डिझायर बघा. ग्लोबल एनकॅपचे पाच तारे, तेही नव्या नियमांनी, सहा एअरबॅग. सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्के झाल्यावर किंमतही उतरली.

फोंड्याचा मास्तर
वाऱ्याला कमी अडते हे ताईंचं म्हणणं बरोबर आहे, पण ते कुठे लागू पडतं ते पाहू. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी 100 ला तो 50 च्या चौपट असतो. आयोनिक 6 किंवा सील इतक्या निमुळत्या केल्यात त्या लांब महामार्गांसाठी. पर्वरी, पणजी, झुआरीचा पूल, वेर्णा, मडगाव या वाटेवर सरासरी चाळीस-पन्नास पडते. इथे सेडानच्या आकाराचा फायदा मिळतो तो थोडाच.

आपल्याकडे खरी बॅटरी खातो तो घाट. माणसांसकट दीड टनाची गाडी आंबोलीसारखी सातशे मीटर वर चढवायला निव्वळ उंचीचीच जवळपास 3 युनिट ऊर्जा लागते. मोटरमधली तूट धरली की साडेतीनच्या आसपास. 26 च्या बॅटरीतला हा सातवा-आठवा हिस्सा. उतरताना यातला बराच भाग परत बॅटरीत येतो, पण तो परतीच्या वाटेवर.

पर्वरीकरीण
मास्तर, नेमकी दुखरी जागा धरलीत. माझं सासर गडहिंग्लजचं. आंबोलीमार्गे दीडशेच्या आसपास. वास्कोकरांचे 200 धरले आणि घाटाचे पंचवीस-तीस वजा केले तर पोचताना वीस-पंचवीस उरतात. पोचले तर पोचले. मागे मुलं आणि सासूबाई असताना असा प्रवास मी करणार नाही. सावंतवाडीला थांबून चार्ज करायचं, तर तिथला चार्जर त्या दिवशी चालू असायला हवा.

वास्कोकर
मी चोर्ला घाटातून बेळगावला जातो, सव्वाशेच्या आसपास होतात, कधी अडकलो नाही. पण गडहिंग्लज महिन्यातून एकदा असेल तर मीही मोठी बॅटरी घ्या म्हणेन. सेडानचा आराम खरा आहे, पण आराम आणि धास्ती एकाच गाडीत नको.

डिचोलीचा गॅरेजवाला
सासूबाईंचा विषय निघालाच आहे तर त्यांचे गुडघे कसे आहेत? सेडानमध्ये बसायचं म्हणजे खाली उतरून बसायचं आणि निघताना वर उठायचं.

पर्वरीकरीण
एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. खरं तर आताच्या गाडीतून उठताना सासूबाई दाराचा खांब धरतात. मी हे इतकी वर्षं रोज बघतेय आणि तरी हिशेबात धरलं नव्हतं.

दिवाडकर
अजून एक, फेरीबोटीचं. आमच्याकडे यायचं तर जुन्या गोव्याहून बोटीत गाडी चढवावी लागते. माणसं भरलेली सेडान रॅम्पच्या कोनात खाली घासते, आणि विजेवरच्या गाडीत खाली असते ती बॅटरी. तिला कवच असतं, पाणी आत शिरू नये म्हणून आयपी67 या मानकाची खात्री असते, हे मान्य. तरी तो आवाज ऐकला की जीव वरखाली होतो. पेट्रोलच्या गाडीला सायलेन्सर घासला तर हजारात काम होतं.

पर्वरीकरीण
डिकीचा मोह अजून सुटलेला नाही, पण पाच तारे आणि गडहिंग्लज यांच्यापुढे तो धरून बसता येणार नाही. रविवारी नेक्सॉन 45 ची चाचणी घेते, आणि मनाच्या समाधानासाठी टिगोरचीही. सासूबाईंना दोन्हींत बसवून उठवून बघणार. शोरूमवाले सोडतील तर दिवाडीच्या बोटीपर्यंतही नेते.

दिवाडकर
मग ओहोटीची वेळ बघून या. भरतीला रॅम्प जवळपास सपाट असतो, तेव्हा कुठलीही गाडी चढते. चौघांना आत बसवूनच चढवा आणि एकाला बाहेर उभं करून खाली बघायला सांगा.