शियाओ याओ सान खरोखर ‘कुणीही घ्यावे’ असे औषध आहे का?

वाटसरू (सिंगापूर): शियाओ याओ सान या पारंपरिक चिनी औषधाबद्दल ‘ताण आणि अपचन यांवर शियाओ याओ सान कुणीही घ्यावे, सगळे वनस्पतिजन्य आहे, अपाय होतच नाही’ हे काल या मंचावर वाचले आणि राहवले नाही. माझ्या सासूबाईंनी येथील एका चिनी औषधांच्या दुकानातून आणलेल्या त्या बारीक काळ्या गोळ्या, आठ-आठ, दिवसातून तीनदा, तीन महिने घेतल्या. रक्तदाबाचे औषध चालू आहे का, हे दुकानदाराने विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. पुढे पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, जिना चढताना पाय उचलेना, आणि तपासणीत पोटॅशियम घसरलेले निघाले. गोळ्यांतील ज्येष्ठमध आणि लघवी वाढवणारे त्यांचे औषध, दोन्ही पोटॅशियम घालवतात, असे डॉक्टरांनी सांगितले.

सुरंगी: त्रास खरा आहे, पण दोष न विचारता औषध देणाऱ्याचा आहे. चीनमधील सोंग राजवटीच्या सरकारी औषधशाळेच्या ग्रंथात या सूत्रासाठी चाय हू, दांग ग्वी, बाय शाओ, बाय झू आणि फू लिंग ही औषधी द्रव्ये प्रत्येकी एक लियांग (जुने चिनी वजन) सांगितली असून ज्येष्ठमध केवळ अर्धा लियांग आहे. यकृताची ‘ची’ (चिनी वैद्यकातील प्राणशक्ती) कोंडली की ती प्लीहेवर चालून जाते आणि पोट बिघडते, हा त्यामागचा विचार. शांघायला नोकरीत असताना माझे पोट सकाळी कार्यालयात शिरताच फुगत असे, आणि एंडोस्कोपीत काहीच सापडले नव्हते. तेथील वैद्यबाईंनी दोन्ही मनगटांची नाडी आणि जीभ पाहून, आले-पुदिना घालून काढा दिला. सहा आठवड्यांत मी पोटभर जेवू लागले.

खलबत्ता: ज्येष्ठमधाची ही बदनामी मला सहन होत नाही. खोकणाऱ्या मुलाला आणि बसलेल्या आवाजाच्या गायकाला आपण पिढ्यान्‌पिढ्या कांडी चघळायला देत आलो आहोत. एका सासूबाईंवरून संपूर्ण वनस्पतीला आरोपी करणे अन्याय्य आहे.

वाटसरू: कांडी चार दिवस चघळणे आणि तीन महिने रोज गोळ्या घेणे यांत फरक नाही, असे आपण वैद्य असून म्हणता? सासूबाईंना दवाखान्यात धरून नेताना मी तेथे होतो, आपण नव्हता. चाय हू आणि ज्येष्ठमध असलेल्याच शोसाइकोतो या औषधाबद्दल जपान सरकारला 1996 मध्ये तातडीचा इशारा द्यावा लागला. फुप्फुसांच्या दाहाने 10 रुग्ण दगावले होते.

सुरंगी: ते सूत्र वेगळे आहे. त्यात हुआंग चिन ही मुळी आहे, जी यात नाही. शिवाय त्या रुग्णांना यकृताचे आजार होते. दोन्हींची सरमिसळ करून लोकांना घाबरवू नका. मात्र एक गोष्ट मला मान्य करावी लागेल: याच सूत्रात झी झी (गार्डेनियाचे फळ) आणि मु दान पी (एका झुडपाच्या मुळाची साल) घालून केलेले कामिशोयोसान जपानमध्ये विम्यातून मिळते, पण झी झी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास मोठ्या आतड्याच्या शिरा कठीण होऊ शकतात, अशी सूचना तेथील माहितीपत्रकात असते. दांग ग्वीही वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी टाळलेलेच बरे.

खलबत्ता: रक्तदाब असलेल्यांना दीर्घकाळ ज्येष्ठमध मीही देत नाही, एवढे कबूल करतो. पण ते विषासारखे रंगवू नये.

वाटसरू: विष मी म्हटलेच नाही. ‘कुणीही घ्यावे’ आणि ‘अपाय होतच नाही’ ही दोन वाक्ये मूळ लेखकाने आजच काढावीत, एवढेच माझे म्हणणे आहे.