मेसेज पुसायचेत, पण सगळे नाहीत

*सोसायटीचा ग्रुप, मुलुंड पूर्व. शनिवार रात्र ते रविवार दुपार.*

बी-२०४ (काकू), रात्री ८:४०
नमस्कार मंडळी. फोनवर सारखं 'जागा संपत आली' असं येतंय. एसएमएस इतके साठलेत की बोट सरकवून दुखायला लागलं तरी तळ लागत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून बारीक अक्षरांकडे फार वेळ बघवत नाही. लेकीने तिचा जुना लॅपटॉप मला दिलाय. त्याच्या मोठ्या पडद्यावर बसून हे जुने मेसेज पुसता येतात का? फोन अँड्रॉइड आहे.

ए-३०४, ८:४४
काकू, सगळे सिलेक्ट करा आणि उडवून टाका. एसएमएस आता वाचतं कोण? मी दर दिवाळीच्या साफसफाईत तेच करतो.

सी-७०३, ८:४७
काकू, आज रात्री काहीच पुसू नका. जरा लांबलचक लिहितो, पण हे नीट समजून मगच हात लावा.

तुमच्याकडे गूगलचं मेसेजेस ॲप आहे. त्यात वर उजवीकडे तुमच्या फोटोच्या गोलावर दाबलं की 'डिव्हाइस पेअरिंग' दिसतं. लॅपटॉपवर मेसेजेस फॉर वेब उघडून फोनने तिथला चौकोनी कोड स्कॅन केला की फोनमधले सगळे एसएमएस मोठ्या पडद्यावर दिसतात. इथेच लोक फसतात. तिथे दिसते ती नक्कल नाही, तुमचा फोनच दिसतोय. लॅपटॉपवर एखादं संभाषण पुसलंत की फोनमधूनही गेलं. 'फोनमध्ये असेलच की' असं समजून मनमोकळं साफ केलं आणि मग रडत बसले, असे दोघं माझ्या ऑफिसातच आहेत.

आणि जागेचं म्हणाल तर एसएमएस निर्दोष आहेत. एक एसएमएस म्हणजे फक्त १४० बाइट. तुमचे अगदी दहा हजार धरले तरी मजकूर दीड एमबीच्या आत बसतो. फोनने काढलेला एक फोटो त्याहून मोठा असतो. जागा खाल्लीय ती व्हॉट्सॲपवरच्या सुप्रभातच्या चित्रांनी आणि व्हिडिओंनी. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आहे, तिथे मोठ्या फाइली सगळ्यात वर दिसतात. सुरुवात तिथून करू.

बी-२०४ (काकू), ८:५५
अरे देवा. म्हणजे मी भलत्याच्याच मागे लागले होते. पण मेसेज आवरायचे तर आहेतच रे. बँकेचा एक मेसेज शोधायला गेले की शंभर जाहिराती आडव्या येतात.

ए-५०१ (वकील वहिनी), ९:०२
काकू, आवरा जरूर, पण बँकेचे, विम्याचे आणि घराच्या व्यवहाराचे मेसेज वेगळे काढल्याशिवाय नको. माझ्याकडे पुनर्विकासाच्या भाड्याची एक केस होती. बिल्डरच्या माणसाने वाढीव भाड्याचं आश्वासन लेखी दिलं नव्हतं, एसएमएसने दिलं होतं. रहिवाशाकडे स्क्रीनशॉट होता, पण फोन बदलताना मूळ मेसेज गेलेला.

कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा नुसता दाखवून चालत नाही. जालन्याच्या निवडणुकीच्या वादातून निघालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं. मूळ उपकरण मालकाने स्वतः हजर केलं तर ठीक, नाहीतर कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र हवंच. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या ६५ब कलमात होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमात आहे. म्हणून वाद चालू असेल तर तो मेसेज आणि तो फोन, दोन्ही जपायचे.

ए-३०४, ९:०६
बाप रे, हे माहीत नव्हतं. माझं ऐकू नका काकू.

सी-७०३, ९:१०
जाहिराती ओळखायची सोपी खूण आहे. हल्ली कंपन्यांच्या मेसेजला पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर असतं. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ते २०२५ पासून लागू केलंय. शेवटी पी असेल तर जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. पी डोळे झाकून पुसा, टीला हात लावू नका.

ओटीपीसाठी तर पुसत बसायचीही गरज नाही. गूगल मेसेजेसच्या सेटिंगमध्ये २४ तासांनी ओटीपी आपोआप पुसण्याची सोय आहे. २०२१ मध्ये ती भारतात आली, तेव्हापासून माझ्या फोनवर चालू आहे.

एक मात्र सांगतो. लॅपटॉपवर एकेका संभाषणापुढच्या तीन ठिपक्यांवर जाऊन पुसावं लागतं. एकदम वीस-पंचवीस पुसायची असतील तर फोनच बरा. एक दाबून धरायचं, बाकीच्यांवर टिचक्या मारायच्या, वर कचरापेटी. लॅपटॉप वाचायला, फोन पुसायला.

डी-१०१, ९:१५
माझ्याकडे आयफोन आणि मॅक आहे. आमच्याकडे काय?

सी-७०३, ९:१९
आयक्लाउडमध्ये मेसेजेस चालू असतील तर तेच. एका ठिकाणी पुसलं की सगळीकडे जातं. पण 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये निदान ३० दिवस राहतं, तेवढा दिलासा. मॅकवर मेसेजेसच्या सेटिंगमध्ये 'कीप मेसेजेस' आहे, त्यात ३० दिवस, एक वर्ष, कायम असे पर्याय येतात. तिथे सहज म्हणून ३० दिवस निवडू नका, त्याआधीचं सगळं पुसलं जाईल. आणि पूर्वी विंडोजच्या कॉम्प्युटरवर आयट्यून्सने बॅकअप घेतला असेल तर त्यात जुने एसएमएस अजून पडून असतील. तो कॉम्प्युटर विकायच्या आधी बॅकअप काढून टाका.

बी-६०३ (खजिनदार), ९:२८
विषय निघालाच आहे म्हणून इथेच विचारतो. आज संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर हेच मेसेजेसचं पान उघडं दिसलं, आणि त्यात कोणाच्या तरी बँकेचे ओटीपी येत होते. मी लगेच बंद केलं, वाचलं नाही. हा कोणाचा फोन आहे?

ए-१०२ (काका), ९:३३
माझा. मी खजिनदार असताना सोसायटीच्या खात्याचा ओटीपी माझ्या फोनवर यायचा. सारखा फोन बघायला नको म्हणून जोडून घेतला आणि 'हा कॉम्प्युटर लक्षात ठेवा' हे चालू ठेवलं. काम सोडलं तेव्हा किल्ल्या, चेकबुक, शिक्के सगळं दिलं, हे राहून गेलं. चूक माझी आहे. म्हणजे वर्षभर माझे सगळे मेसेज तिथे दिसत होते?

सी-७०३, ९:३६
हो काका. ब्राउझरची हिस्ट्री पुसूनही ते जात नाही. आत्ता घरी बसूनच करा. फोनवर तेच डिव्हाइस पेअरिंग उघडा, जोडलेले कॉम्प्युटर दिसतील, त्यातला ऑफिसचा काढून टाका. ऑफिसात जायची गरज नाही.

ए-१०२ (काका), ९:४१
काढला. दोन दिसत होते. दुसरा माझ्या भाच्याचा, जुना. तोही काढला.

ए-५०१ (वकील वहिनी), ९:४४
काका, तुमच्या खात्याचं स्टेटमेंटही एकदा वर्षभर मागे जाऊन पाहा. अनोळखी व्यवहार दिसला तर लगेच बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. कोणावर संशय म्हणून नाही. त्या टेबलाशी मॅनेजर बसतात, वॉचमन बसतात, कुरियरवाले येतात. कोणीच आळ घेऊन जगायला नको.

ए-१०२ (काका), १०:२०
पाहिलं. एक न एक ओळ तपासली, सगळं बरोबर आहे. आता श्वास घेतला.

बी-२०४ (काकू), १०:३१
मघाशी सांगायला संकोच वाटला. मला सगळे पुसायचे नाहीतच. यांचे मेसेज आहेत त्यात. हे गेल्यापासून मी ते उघडले नव्हते, आज खाली जाता जाता दिसले.

२९ ऑगस्ट २०१७ चा आहे एक. त्या दिवशी मुंबई बुडाली होती. व्हॉट्सॲप चालत नव्हतं, फोन लागत नव्हता, आणि संध्याकाळी हा मेसेज आला होता. "सायनपुढे गाडी बंद. रुळांतून चालत येतोय. तू जेवून घे, वाट बघू नकोस." रात्री दीडला घरी आले, गुडघ्यापर्यंत चिखल. मी जेवले नव्हते.

हे नेहमी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. मी शाळेत मराठी शिकवायचे ना, मला राग यायचा. म्हणायचे, देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात आणि इंग्रजीत १६०, उगाच दोन एसएमएसचे पैसे कशाला. ते राहिलं पाहिजे रे. फोन तरी किती दिवस टिकणार.

सी-७०३, १०:३८
काकू, उद्या सकाळी दहाला येतो. आधी सगळ्या मेसेजचा बॅकअप घेऊ, 'एसएमएस बॅकअप अँड रिस्टोअर' नावाचं ॲप आहे, त्यातून एक फाइल तयार होते आणि ती कॉम्प्युटरवर वाचता येते. तुमच्या यजमानांचं संभाषण वेगळं काढून पेनड्राइव्हवर ठेवू, एक प्रत तुमच्या लेकीला पाठवू. मगच बाकीची साफसफाई.

डी-१०१, १०:४०
काकू, मी पण तेव्हा सायनलाच अडकले होते. पुलाखाली एका कुटुंबाने चहा दिला होता. सकाळी तुमच्याकडे येते.

बी-२०४ (काकू), रविवार, दुपारी १२:५०
झालं. व्हॉट्सॲपमधल्या व्हिडिओंनीच खरोखर जागा अडवली होती, ते काढल्यावर फोनने तक्रार थांबवली. पीवाले मेसेज सगळे गेले. बँकेचे ठेवलेत. यांचे ३१२ निघाले. मला वाटलं होतं वीस-पंचवीस असतील. बहुतेक "निघालो", "ठाण्याला आलो", "दूध आणू का" एवढेच आहेत. सगळे कागदावर हवेत मला, मोठ्या अक्षरांत.

सी-७०३, १२:५५
१९ पानं होतायत. माझा प्रिंटर बंद आहे. ऑफिसातल्या प्रिंटरवर काढले तर चालतील का?

बी-६०३ (खजिनदार), १२:५७
चालतील काय, काढाच. कागद कालच आणलाय.

ए-१०२ (काका), १२:५८
मीही खाली येतो. पण प्रिंट थेट पेनड्राइव्हवरूनच काढू, फाइल त्या कॉम्प्युटरवर कॉपी करायची नाही. मी शेजारी उभा राहतो.