ग्राहकाला हप्ते द्यावेत का? माझं उत्तर सध्या ‘नाही’ आहे, पटवून द्या

गळतीवाला:
गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाथरूमची गळती, जुने पाइप बदलणं अशी कामं घेतो. सहा माणसं आणि एक गाडी, एवढाच पसारा. हल्ली कोटेशन हातात दिलं की पहिला प्रश्न येतो, “हप्त्याने चालेल का?” एका फायनान्स कंपनीचा माणूसही दोनदा येऊन बसला. त्याची योजना अशी: काम संपलं की पैसे कंपनी मला देणार, ग्राहक कंपनीला वर्षभर हप्ते भरणार, वसुलीचा ताप मला नाही.

मी नको म्हटलं. एक तर शंभराच्या बिलावर कंपनी ८ कापून घेणार. खर्च वजा जाता माझ्याकडे शंभरामागे १५ उरतात, त्यातले निम्म्याहून जास्त तिच्या खिशात. दुसरं, गळतीच्या कामाची परीक्षा पहिल्या मोठ्या पावसात होते. तेव्हा कुठे ओल दिसली की ग्राहक हप्ता थांबवणार, कंपनी त्याच्या मागे लागणार आणि तो माझ्या.

पण खरं कारण तिसरं आहे. हप्ता आला की बोलणंच बदलतं. “एकूण किती?” हा प्रश्न जातो आणि “महिन्याला किती?” हा येतो. माझी माणसं गळती बंद करायला जातात, कर्ज गळ्यात मारायला नाही. कुणाचं वेगळं मत असेल तर जरूर मांडा, मी ऐकायला बसलोय.

थंडहवा:
एसी बसवणं आणि दुरुस्ती, अकरा वर्षं. दादा, तुम्ही हप्ते देत नाही हा तुमचा गैरसमज आहे. वही उघडा आणि बघा, किती जणांनी “उरलेले पुढच्या महिन्यात देतो” म्हटलंय. हेच हप्ते. फक्त बिनव्याजी, बिनकागदाचे आणि तुमच्या खिशातले.

माझ्या वहीत एकेकाळी दोन महिन्यांच्या कामाएवढी थकबाकी होती. मालवाल्याला पैसे द्यायला मी स्वतः व्याजाने काढत होतो. म्हणजे ग्राहकाचं व्याज मी भरत होतो! आता कंपनी कापून घेते, पण पैसे चार दिवसांत खात्यात असतात आणि संध्याकाळी फोन करून कुणाची मिनतवारी करावी लागत नाही. त्या फोनांची किंमत तुमच्या १५ मध्ये कुठे धरली आहे, ते सांगा.

गळतीवाला:
@थंडहवा, वही काढायला लावलीत. वीसेक नावं आहेत. पण ती माणसं ओळखीची आहेत, देतात. उशिरा देतात, पण देतात.

थंडहवा:
उधारीचं पोतं सव्वा हात रितं, हे आपल्या आधीच्यांनी उगाच म्हटलेलं नाही.

हिशेबनीस:
मी अशाच पाच-सात छोट्या व्यावसायिकांचे हिशेब बघते. दोघांचंही अर्धं बरोबर आहे, म्हणून आकडे मांडते.

आधी वहीवाली पद्धत. काम १०० चं, खर्च ८५. समजा ४० आगाऊ घेतले आणि उरलेले ६० तीन महिन्यांत २०-२० करून घ्यायचे. काम संपलं त्या दिवशी तुमचे स्वतःचे ४५ अडकलेले असतात. पहिल्या हप्त्यानंतर २५, दुसऱ्यानंतर ५. म्हणजे दोन हप्ते वेळेवर येऊनही तुमचा खर्चसुद्धा पुरता निघालेला नसतो. तुमचा अख्खा नफा त्या शेवटच्या हप्त्यात असतो, आणि लोक टाळतात तो शेवटचाच, कारण तोवर काम जुनं झालेलं असतं आणि कुठेतरी एखादी टाइल हललेली असते. तो २० बुडाला तर तुम्ही फुकट काम केलंत आणि वर ५ पदरचे घातलेत. अशी दहा कामं एकाच वेळी चालू असतील तर साडेचार कामांच्या बिलाएवढे पैसे बाहेर. धंदा चालतो, नफाही दिसतो आणि पगाराच्या दिवशी खात्यात काही नसतं, हे कोडं सगळ्यांना पडतं ते इथेच. आगाऊ रक्कम मालाच्या खर्चाएवढी तरी हवीच. मजुरीची जोखीम घ्या, सिमेंटची घेऊ नका.

आता कंपनीचे ८. हे सगळ्यांच्या दरात मिसळायचे म्हणाल तर १०० हातात पडायला कोटेशन जवळपास १०८.७० चं करावं लागतं (८ टक्के वाढवलेल्या रकमेवर कापतात, म्हणून १०८ पुरत नाहीत, इथे बरेच जण फसतात). मग जो रोख देतो तोही १०८.७० देतो. त्याने कुणाचं कर्ज फेडलं? शेजाऱ्याचं.

कोरी_पाटी:
पण ‘बिनव्याजी’ योजना असतात ना? ग्राहकाला शून्य टक्के, मग अडचण काय?

हिशेबनीस:
शून्य टक्क्याने कुणीच पैसे देत नाही. व्याज दुसऱ्या नावाने जातं: दुकानदाराकडून कापलेलं, प्रोसेसिंग फीमधलं किंवा वाढवलेल्या किमतीतलं.

आणि ‘फक्त १२ टक्के’ म्हणतात तेव्हा ते कशावर, ते विचारा. १०० वर सपाट १२ टक्के, वर्षभरात ११२ फेडायचे, महिन्याला ९.३३. पण तुमच्याकडे पूर्ण १०० फक्त पहिलाच महिना असतात, पुढे मुद्दल दर महिन्याला कमी होतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर वर्षाला साधारण साडेएकवीस टक्के पडतो. खोटं कुणी बोललेलं नसतं, पण ग्राहक १२ ऐकून घरी जातो.

घरमालकीण:
मला ग्राहक म्हणून बोलायचंय. इथे सगळे जण आपलं धोरण ठरवताहेत, आणि ज्याच्या डोक्यावर छत गळतंय तो कुठेच नाही.

माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीतला पाइप फुटला तेव्हा नवऱ्याच्या आजारपणात शिल्लक संपलेली होती. काम मोठं निघालं, अर्धी भिंत फोडावी लागणार होती. हप्त्याची सोय नसती तर मी काय केलं असतं? वरवर एम-सील लावून दिवस काढले असते आणि वर्षभरात खालच्यांचं छतही खराब केलं असतं. व्याज दिलं, पण ते नुकसानीपेक्षा कमी होतं. अडला हरी म्हणून मला कुणाचेही पाय धरावे लागले नाहीत, याची किंमत मला कळते.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण फसलेही. योजना सहा महिने बिनव्याजी होती. शेवटच्या हप्त्याला पाच दिवस उशीर झाला आणि त्यांनी पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज पूर्ण रकमेवर लावलं. अट कागदावर होती, हे खरं. पण कारागिराने ती सांगितली नव्हती, कारण त्यालाही ती माहीत नव्हती. माझा राग कंपनीपेक्षा त्याच्यावर जास्त आहे. कंपनीला मी कधी पाहिलंच नाही. माझ्या घरात चहा घेऊन तो गेला होता.

गळतीवाला:
@घरमालकीण, तुमचा शेवटचा परिच्छेद म्हणजे माझाच मुद्दा. सही कंपनीच्या कागदावर, पण शिव्या मला.

घरमालकीण:
मग कागद वाचा आणि समजावून सांगा. माझा पहिला परिच्छेद सोडून दिलात तुम्ही.

स्क्रू_ड्रायव्हर:
मी धंदेवाला नाही, सात वर्षं एका मोठ्या सर्व्हिस कंपनीत टेक्निशियन होतो. मालक लोक इथे धोरण बोलताहेत, मी जमिनीवरचं सांगतो.

हप्ते सुरू झाले त्या महिन्यापासून आमच्या बैठकीत दुरुस्त्या किती झाल्या हे विचारणं बंद झालं. किती ‘बदली’ झाल्या ते विचारू लागले. गीझरचा थर्मोस्टॅट गेलाय, तासाभराचं काम. पण साहेबांनी शिकवलेलं वाक्य असं: “दुरुस्तीला एकरकमी द्यावे लागतील, नवीन घेतलात तर महिन्याला अगदी थोडे.” एकरकमी लहान आकडा आणि महिन्याचा त्याहून लहान आकडा शेजारी ठेवले की माणूस बारा महिने विसरतो. वर प्रत्येक फॉर्ममागे मला कमिशन. एका आजोबांचा चांगला चालू गीझर मी उतरवून आणला. खोटं एक अक्षर बोललो नव्हतो, म्हणून तर जास्त लागलं. नंतर सोडलं ते काम.

हप्ते द्या, पण फॉर्म भरण्यावर टेक्निशियनला एक पैसाही देऊ नका. निदान करणारा आणि कर्ज विकणारा हात एक नको.

थंडहवा:
@स्क्रू_ड्रायव्हर, हे मान्य. माझ्याकडे फॉर्म ऑफिसातून जातो, मुलं साइटवर त्याबद्दल बोलत नाहीत. पण एका कंपनीने लबाडी केली म्हणून साधन वाईट कसं? रोखीत लबाड्या होत नाहीत का? गॅस न भरता गॅसचे पैसे घेणारे मला दहा ठाऊक आहेत, सगळे रोख घेतात.

वाचनवेडा:
थोडं अवांतर. हा वाद जुना आहे. सिंगर शिलाई मशीनच्या कंपनीत एडवर्ड क्लार्क या भागीदाराने १८५६ मध्ये हप्त्यांची पद्धत आणली, कारण मशीन चांगलं असूनही एकरकमी किंमत साध्या घरांना झेपत नव्हती.

आणि १९९८ मध्ये ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या संशोधकांनी एक गमतीची गोष्ट मांडली. सहलीचे पैसे लोकांना आधीच देऊन टाकायला आवडतात, पण कपडे धुण्याच्या आणि वाळवण्याच्या यंत्राचे वापरता वापरता द्यायला. सहल संपल्यावर तिचे हप्ते बोचतात; यंत्र मात्र रोज काम करतं, म्हणून त्याचा हप्ता पटतो. यावरून माझा तर्क: एसी हप्त्यावर सहज खपेल, गळती खपणार नाही. थंड हवा रोज जाणवते. ‘आज गळलं नाही’ हे कुणाला जाणवतं? चौथ्या महिन्यात कोरड्या भिंतीकडे बघून हप्ता भरणं जिवावर येणारच. तेव्हा @थंडहवा आणि @गळतीवाला यांचे अनुभव वेगळे आहेत ते स्वभावामुळे नाही, मालामुळे.

तिरकस:
म्हणजे गळतीवाल्याने अधूनमधून थोडं गळू द्यावं :)

काळा_कोट:
काम बिघडलं आणि हप्ते चालू आहेत, तर काय? यावर कायद्यांनी विचार केलेला आहे. ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्यात कलम ७५ आहे: विक्रेत्याने करार मोडला तर ठरावीक व्यवहारांत कर्ज देणारी संस्थाही त्याच्याइतकीच जबाबदार. अमेरिकेत १९७५ च्या एका नियमाने विक्रेत्यामार्फत दिलेल्या कर्जाच्या करारात असं कलम घालणं बंधनकारक केलं, की विक्रेत्याविरुद्धची तक्रार ग्राहक कर्जदात्यापुढेही मांडू शकतो. त्याआधी ‘ते तुमचं आणि कारागिराचं, आमचा हप्ता द्या’ हे उत्तर चालून जायचं.

ग्राहकासाठी हे चांगलं. पण कारागिराने त्याची दुसरी बाजू वाचावी. कंपनीवर जबाबदारी आली की ती तुमच्याशी केलेल्या करारात ती परत तुमच्याकडे ढकलते. वाद निघाला तर दिलेले पैसे परत घेण्याचा हक्क तिने ठेवलाय का, किती महिन्यांपर्यंत, आणि वाद खरा की खोटा हे कोण ठरवणार, ही तीन कलमं सहीआधी शोधा. ‘डोक्याला ताप नाही’ हे वाक्य करारात कुठे लिहिलेलं असतं ते मला अजून सापडलेलं नाही.

थंडहवा:
माझ्या करारात ९० दिवस आहेत. गेल्या तीन वर्षांत एकदाच पैसे परत गेले, आणि तेव्हा चूक माझ्या मुलांची होती.

गळतीवाला:
९० दिवसांत माझ्याकडे पाऊसच येत नाही कधी कधी. तुम्ही बटण दाबून दाखवता, हवा गार झाली की काम पास. @वाचनवेडा म्हणतात ते खरं आहे.

बरं, सगळं वाचून एवढ्यावर आलोय. ज्याचं काम थांबवता येत नाही, पाइप फुटलाय, छत ठिबकतंय, त्याला हप्त्याची सोय द्यावी. ज्याला बाथरूमच्या टाइल्सचा रंग आवडेनासा झालाय त्याने पैसे साठवावे.

घरमालकीण:
आणि हे कोण ठरवणार? तुम्ही? माझी गरज खरी की हौस, याचा दाखला कारागिराकडून घ्यायचा का आता? सासूबाईंना पाय घसरू नये म्हणून मी टाइल्स बदलल्या. तुमच्या वहीत ती हौस झाली असती.

गळतीवाला:
... बरोबर. चुकलो.

हिशेबनीस:
गरज ठरवू नका, किंमत उघडी करा. कोटेशनवर तीन आकडे शेजारी शेजारी, सारख्याच टायपात: रोख किती, हप्त्याने एकूण किती, महिन्याला किती. त्याच क्रमाने. महिन्याचा आकडा पहिला छापलात की बाकीचे दोन कुणी वाचत नाही.

थंडहवा:
कंपनी हे करू देणार नाही. माझ्या करारात रोख आणि हप्ता यांचा दर एकच ठेवायचा असं आहे. हप्तेवाल्याकडून जास्त घ्यायचं नाही.

हिशेबनीस:
मग ते ८ सोसायचे की रोख देणाऱ्यावर घालायचे, हाच प्रश्न उरतो. तुम्ही काय करता?

थंडहवा:
दर वाढवलाय. सगळ्यांचा. खोटं कशाला बोलू.

गळतीवाला:
(तीन आठवड्यांनी)
धागा वर काढतोय. कंपनीशी करार केला नाही. तिला १८० दिवसांची अट हवी होती आणि एका पावसाच्या भरवशावर मी सही करणार नव्हतो. स्वतःचंच केलं: मालाचे पैसे आगाऊ, मजुरी तीन टप्प्यांत आणि कागदावर सह्या. शेवटचा टप्पा मुद्दाम लहान ठेवलाय, @हिशेबनीस यांच्या हिशेबाला घाबरून. हप्त्याने एकूण थोडे जास्त पडतात, तेही छापलंय.

पहिल्याच गिऱ्हाइकाने तिन्ही आकडे नीट वाचले, रोखीचा निवडला, हात मिळवला आणि म्हणाला, “निम्मे आज देतो, उरलेले पुढच्या महिन्यात.”

थंडहवा:
वहीत लिहून ठेवा, दादा.