शब्दचर्चा : हिवाळा सुरू होतो, लागतो की पडतो?

बॉस्टनचा मावसभाऊ डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कळवतो, "आजपासून आमचा हिवाळा सुरू." आमचं पुण्यात तोवर महिनाभर तरी पहाटे दुलई ओढून घेणं चाललेलं असतं. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला हुडहुडी भरली की आई म्हणायची, "थंडी पडली गं." तारीख कुणी पाहत नसे. मग 'हिवाळा' या शब्दात एखादी तारीख आहे का? आणि त्याला क्रियापद कोणतं लावावं? जाणकारांनी सांगावं.

—

शब्दात तारीख नाही, गारठा आहे. 'हिमकाल' झिजून 'हिवाळा' झाला, जसा 'उष्णकाल'चा उन्हाळा. ग्रामचं गाव, नामचं नाव, तसं हिमचं हीव. 'म' गेला, 'व' आला आणि 'म'चा नाकातला उच्चार मागे राहिला. जुन्या छपाईत 'हिंवाळा' दिसतो तो त्यामुळे. १९६२च्या लेखननियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. 'हिवताप'मधलं हीव तेच, कापरं भरवणारं. 'हिम' म्हटलं की आज बर्फ डोळ्यांपुढे येतो, पण 'हीव' म्हणजे नुसती थंडी. बर्फ न पडणाऱ्या पुण्याचाही हिवाळा म्हणून अस्सलच.

—

मावसभावाचा हिवाळा सूर्यावरून मोजलेला आहे. उत्तर गोलार्धातला सर्वांत लहान दिवस ही त्याची सुरुवात. वर्ष ३६५ दिवसांवर जवळजवळ सहा तास जास्त असतं, त्यामुळे सूर्य दक्षिणेच्या टोकाहून उत्तरेकडे वळण्याचा तो क्षण दर वर्षी तेवढा पुढे सरकतो आणि लीप वर्षात मागे येतो. म्हणून कधी २१, कधी २२ डिसेंबर. २०२३मध्ये तो पुण्यात २२ तारखेला सकाळी ८.५७ला आला, तेव्हा बॉस्टनमध्ये अजून २१ची रात्र होती! तिथलेच हवामानतज्ज्ञ मात्र नोंदींच्या सोयीसाठी सरळ १ डिसेंबरपासून हिवाळा धरतात.

खरं उत्तरायणही त्याच क्षणी लागतं. आपण ते संक्रांतीशी जोडतो, पण संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा आस हळूहळू फिरत असल्यामुळे, उत्तरायण आणि संक्रांत ही दोन टोकं एकमेकांपासून दूर गेली. ती एकत्र होती त्याला सुमारे १७०० वर्षं झाली.

—

पंचांग विसरू नका. मार्गशीर्ष-पौष हेमंत, माघ-फाल्गुन शिशिर. महिने चंद्राचे, त्यामुळे हेमंताचीही तारीख हलते. अधिक श्रावण आलेल्या २०२३ साली मार्गशीर्ष १३ डिसेंबरला लागला, २०२५ साली २१ नोव्हेंबरलाच. भाषांतरात 'विंटर'ला सरसकट 'शिशिर' लिहितात ते मला खटकतं. आपल्याकडे थंडी भरात येते ती हेमंतात; शिशिर पानगळीचा, आणि त्याच्या शेवटी होळी येते. हिवाळा म्हणजे हे दोन्ही मिळून.

—

हवामान खात्याचं वेगळंच. त्यांच्या हिशेबात ऑक्टोबर ते डिसेंबर हा 'मान्सूनोत्तर' काळ आणि हिवाळा जानेवारी-फेब्रुवारी. शिवाजीनगरच्या ज्या कचेरीला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात (१९२८ साली मुख्यालय सिमल्याहून इथे आलं), तिच्या हिशेबानं आपल्या पहाटेच्या दुलया मान्सूनोत्तर ठरतात. मान्सून आल्याचं खातं जाहीर करतं, हिवाळा आल्याचं नाही. आकड्यात बांधलेला शब्द आहे तो 'थंडीची लाट' : मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा खाली हवं आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी हवं.

—

सगळ्यांचे आभार. म्हणजे तारखेचा असतो तो लागतो : मार्गशीर्ष लागला, उत्तरायण लागलं. अंगाला कळते ती पडते : थंडी पडली. भावाला आता 'उत्तरायण लागलं' असं कळवते.

आमची जुन्नरकडची आजी "हीव वाजतंय" म्हणायची. आम्ही शहरातली मुलं तिला "थंडी म्हण" असं शिकवायचो. हिवाळ्यातलं हीव तिच्या तोंडी अख्खं राहिलं होतं, हे आज कळलं.