रशियन आरमार : घात भूगोलाने केला की कोळशाने?

तांडेल :
ब्रिटनचं आरमार गरजेला एकत्र यायचं. रशियाची तीन आरमारं, बाल्टिक, काळा समुद्र आणि पॅसिफिक, आणि एकाला दुसऱ्याच्या मदतीला जायला वाट नाही. १९०४ साली जपानने रशियाचं अतिपूर्वेतलं बंदर पोर्ट आर्थर कोंडलं, तेव्हा काळ्या समुद्रातली लढाऊ जहाजं करारांमुळे बॉस्फरसच्या सामुद्रधुनीबाहेर काढता येईनात. मग रशियन अॅडमिरल रोझेस्टवेन्स्की बाल्टिकमधून ताफा घेऊन निघाला. सुमारे १८,००० सागरी मैल, आणि वाटेत स्वतःचा एकही कोळशाचा तळ नाही. जपानजवळच्या त्सुशिमाच्या लढाईत (१९०५) तो ताफा बुडाला, पण तिचा निकाल नकाशानेच लावला होता.

सुकाणू :
नकाशाने उशीर केला, जहाजं नकाशाने बुडवली नाहीत. त्या ताफ्यातली नवी बोरोदिनो वर्गाची जहाजं बांधतानाच आराखड्यापेक्षा जड झाली होती. त्यात डेकवर, केबिनींत, मिळेल त्या कोपऱ्यात कोळसा. जहाज खोल बसलं की मुख्य चिलखती पट्टा पाण्याखाली जातो, मग वरच्या पातळ पत्र्याला पडलेल्या भोकातून पाणी शिरतं. एका बाजूला कललं की खालच्या तोफांच्या खिडक्याही पाण्यात, आणि पुढे उलटायला वेळ लागत नाही. तळाला शेवाळ-कालवं चिकटलेली, म्हणून ताफ्याचा वेग ९-१० नॉट (ताशी सागरी मैल). जपानी अॅडमिरल टोगो १५ ने धावत होता, म्हणजे अंतर तोच ठरवणार.

पाणतीर :
दारूगोळा विसरलात. जपानी गोळ्यात शिमोसे हे जबर स्फोटक भरलेलं, जिथे लागेल तिथे फुटून आगी लावायचं. रशियन गोळा चिलखत भेदणारा, आत स्फोटक थोडं, फ्यूज उशिराचा. बरेच गोळे फुटलेच नाहीत. जपानचे ११७ मेले, रशियाचे सुमारे ५,०००.

तांडेल :
मग १८५३ ची, काळ्या समुद्रावरच्या तुर्की बंदरातली सिनोपची लढाई? तिथे रशियन अॅडमिरल नाखिमोव्हच्या स्फोटक गोळ्यांनीच तुर्कांची लाकडी जहाजं जाळली. घराजवळ लढला की रशियन चांगलाच लढतो.

सुकाणू :
बंदरात नांगर टाकून उभ्या लहान फ्रिगेटींवर मोठ्या युद्धनौका घातल्यावर कोण हरेल? पुढच्याच वर्षी ब्रिटिश-फ्रेंच वाफेवरच्या जहाजांपुढे काळ्या समुद्रावरच्या सेव्हस्तोपोल बंदराच्या तोंडाशी रशियाला स्वतःचीच शिडाची जहाजं बुडवावी लागली.

पाणतीर :
भूगोलावर खरा तोडगा सोव्हिएतांनी काढला : लहान क्षेपणास्त्र बोटी. इजिप्तच्या सोव्हिएत बनावटीच्या कोमार बोटींनी १९६७ मध्ये इस्रायलची विनाशिका ऐलात बुडवली. तशाच, पण मोठ्या ओसा बोटीवर चार तेर्मित क्षेपणास्त्रं, पल्ला साधारण ४० किमी. बांधली किनारा राखायला. पण ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात, वीर या भारतीय नौदलाच्या तीन ओसा थेट पाकिस्तानच्या कराचीवर गेल्या, सोबत किल्तान-कच्छल या मोठ्या युद्धनौका. त्या रात्री चालवणारे मात्र आपले होते, तांडेल.