बैठकीच्या खोलीसाठी लहान आणि कमी खर्चाचा संगणक: चित्रपट व गेम दोन्हींसाठी सल्ला हवा आहे

मूळ प्रश्न (दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ)

नमस्कार. आमच्या घरी बैठकीच्या खोलीत ४३ इंचांचा फुल एचडी टीव्ही आहे आणि त्याला जोडण्यासाठी एक लहान संगणक जुळवावा, असा माझा विचार आहे. आई-बाबांना संध्याकाळी मराठी चित्रपट आणि कीर्तनांची चित्रफीत पाहायला आवडते. धाकटा भाऊ अमरावतीला वसतिगृहात राहून शिकतो आणि सुटीत घरी आला की त्याला जीटीए फाइव्ह आणि रॉकेट लीग खेळायचे असते. मोबाइलच्या डेटावर रोज चित्रपट पाहणे परवडत नाही, म्हणून चित्रपट, लग्नांच्या जुन्या डीव्हीडी आणि फोटो असे सगळे एकाच ठिकाणी साठवून ठेवायचे आहे.

खर्चाची मर्यादा ३५ हजार रुपये आहे. टीव्हीच्या खाली सिमेंटचा कप्पा आहे. तो साधारण दीड फूट रुंद व एक फूट उंच आहे, पुढून उघडा आहे आणि मागे भिंत आहे. संगणक त्यातच मावला पाहिजे. खोलीवर टिनाचे छत असून दिवाळीनंतर भाव येईपर्यंत याच खोलीच्या एका बाजूला कापसाची गंजी असते. वीज वारंवार जाते आणि रात्री व्होल्टेज इतके उतरते की ट्यूबलाइट लुकलुकते. घरात जुना इन्व्हर्टर आहे. नवे भाग जोडून संगणक तयार करावा की कार्यालयातून निघालेला वापरलेला लहान संगणक घ्यावा, हे मला ठरवता येत नाही. आपण अनुभवाने सांगितले तर उपकार होतील.

प्रतिसाद (हिंगणघाट, जिल्हा वर्धा)

ताई, आपण खोलीचे वर्णन दिले ते फार चांगले केले, कारण आपल्याकडे कोणता प्रोसेसर घ्यावा यापेक्षा तो कोणत्या खोलीत आणि कोणत्या विजेवर चालणार आहे, हे आधी पाहावे लागते. मी गेली काही वर्षे तालुक्याच्या ठिकाणी संगणक दुरुस्त करतो. माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांपैकी वीज आणि धूळ यांनी बिघडलेली यंत्रे, प्रोसेसर जुना झाल्यामुळे बदलाव्या लागणाऱ्या यंत्रांपेक्षा किती तरी अधिक असतात.

म्हणून ३५ हजारांतले पहिले ४ ते ५ हजार बाजूला काढून ठेवा. त्यातून आधी बैठकीतल्या तीन पिनांच्या सॉकेटची अर्थिंग तपासून घ्या. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर घेऊन बोलवा आणि न्यूट्रल व अर्थ यांमधले व्होल्टेज मोजायला सांगा. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावे, आणि फेज व अर्थ यांमधले व्होल्टेज फेज व न्यूट्रलइतकेच भरावे. अर्थ नसेल तर संगणकाच्या लोखंडी कॅबिनेटला ओला हात लागताच झिणझिण्या येतात. त्याचे कारण असे की एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत फिल्टरचे कपॅसिटर दोन्ही तारांपासून कॅबिनेटच्या अंगाला जोडलेले असतात, आणि अर्थची वाट मिळाली नाही तर ते अंग पुरवठ्याच्या जवळपास निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहते. माणसाला त्याचा झटका सौम्य वाटतो, पण तेच व्होल्टेज एचडीएमआयच्या तारेतून टीव्हीपर्यंत पोहोचते. टीव्ही आणि संगणक दोन्ही सुरू असताना तार खोचली आणि त्या क्षणी टीव्हीचा पोर्ट गेला, असे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्यामुळे तार जोडताना दोन्हींचे प्लग भिंतीतून काढलेले असावेत, ही सवय घरातल्या सर्वांना लावा. टीव्हीला छतावरच्या डिशची तार जोडलेली असेल, तर मिरगाच्या आधीच्या गडगडाटात तीसुद्धा सोडवून ठेवावी.

दुसरी गोष्ट इन्व्हर्टरची. वीज गेल्यावर आपला पंखा घरघर आवाज करत असेल, तर तो इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे मुख्य विजेसारखी गुळगुळीत लहर न देणारा, आहे असे समजा. चांगल्या प्रतीच्या एसएमपीएसला तो मानवत नाही. संगणक मध्येच बंद पडतो किंवा एसएमपीएस तापतो. शिवाय वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर पूर्ण भाराला सुमारे १६ मिलिसेकंदच तग धरतो. विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे इन्व्हर्टरला भार हाती घ्यायला तेवढाही अवकाश मिळत नाही. यासाठी ६०० व्हीएचा लहान यूपीएस घ्या आणि तो थेट मुख्य विजेच्या सॉकेटला लावा, इन्व्हर्टरच्या लाइनला नको. त्यात १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे हिशेबाने ८४ वॉट-तास. टीव्ही आणि संगणक मिळून १२० वॉट ओढत असले तरी प्रत्यक्षात १५ मिनिटे मिळतात असे धरा; चित्रपट थांबवून संगणक नीट बंद करायला तेवढी पुरतात.

आता यंत्राकडे येतो. भावाला जीटीए फाइव्ह आणि रॉकेट लीगच खेळायचे असतील, तर वेगळे ग्राफिक्स कार्ड घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा २०२१ चा प्रोसेसर ६ कोअर आणि १२ थ्रेडचा आहे, त्याच्या आतच व्हेगा ग्राफिक्स आहे आणि त्याची मर्यादा ६५ वॉट आहे. हे दोन्ही गेम तो १०८०पी (फुल एचडी) वर सेटिंग थोडी खाली ठेवून नीट चालवतो. चित्रपटांसाठी लागणारे एचईव्हीसी आणि व्हीपी९ हे चित्रफीत दाबून साठवण्याचे दोन्ही प्रकार तो स्वतःच्या हार्डवेअरवर उलगडतो. एव्ही१ हा त्यांच्यानंतरचा प्रकार मात्र त्याला हार्डवेअरवर येत नाही, पण ६ कोअर असल्यामुळे फुल एचडीचे एव्ही१ तो सॉफ्टवेअरच्या जोरावरही सहज दाखवतो. आपला टीव्ही ४के नाही, त्यामुळे ही उणीव आपल्याला जाणवणार नाही.

या प्रोसेसरबरोबर रॅम घेताना एक चूक बहुतेक जण करतात. ग्राफिक्स आतच असल्यामुळे ते रॅमच वापरते, म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्या लागतात. एकच पट्टी लावली की रॅमची वाट निम्मी होते आणि गेम अडखळायला लागतो. दुकानदार "पुढे वाढवता येईल" म्हणून एकच पट्टी देऊ पाहतात. ते ऐकू नका.

मदरबोर्डच्या बाबतीत मिनी-आयटीएक्स या लहान मापाच्या बोर्डाचा मोह टाळा. तो १७ सेंटीमीटर चौरस असतो आणि मायक्रो-एटीएक्स २४.४ सेंटीमीटर, या सात सेंटीमीटरांसाठी आपल्या बाजारात बरेच पैसे जास्त मोजावे लागतात. मायक्रो-एटीएक्सचे लहान कॅबिनेट आपल्या कप्प्यात आडवे बसेल. फक्त मागच्या भिंतीपासून आणि वरून चार बोटे जागा सोडा.

उपप्रश्न (दारव्हा)

दादा, मनापासून आभार. पंखा घरघर करतो, म्हणजे इन्व्हर्टर तोच असावा. आमच्या ओळखीतल्या एकांनी कार्यालयातून निघालेला अगदी पुस्तकाएवढा संगणक १५ हजारांत मिळतो असे सांगितले. तो घेतला तर काय गमवावे लागेल?

प्रतिसाद (वरोरा, जिल्हा चंद्रपूर)

ताई, मी शिक्षक आहे आणि माझ्या घरी असाच पुस्तकाएवढा संगणक तीन उन्हाळे चालला आहे, म्हणून माझे मत वरच्या दादांपेक्षा थोडे वेगळे आहे. डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपी एलिटडेस्क मिनी आणि लेनोवो थिंकसेंटर टायनी हे तिन्ही प्रकार साधारण एक लिटर आकारमानाचे असतात. घ्यायचाच असेल तर इंटेलच्या आठव्या पिढीचा, म्हणजे आय५-८५००टी सारखा पाहावा. त्याच्या आधीच्या पिढीला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

याची मोठी जमेची बाजू म्हणजे तो लॅपटॉपसारख्या अडॅप्टरवर चालतो. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, त्यामुळे रात्री व्होल्टेज १६० पर्यंत उतरले तरी माझा संगणक डगमगत नाही. स्वस्त एसएमपीएस पुष्कळदा २०० व्होल्टपासूनच काम करतात. चित्रपटांसाठी तर यापेक्षा जास्त काही लागत नाही. मी त्यावर कोडी हे चित्रपट लावण्याचे सॉफ्टवेअर टाकले आहे. चित्रपटांचे फोल्डर एकदा दाखवले की मुखपृष्ठांसह यादी तयार होते आणि आमची आई स्वतः निवडून लावते.

दोन अडचणी मात्र सांगतो. यांतल्या बऱ्याच यंत्रांना एचडीएमआय नसून डिस्प्लेपोर्ट असतो, म्हणून जोडणारा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. फुल एचडी टीव्हीला साधाही चालतो आणि आवाजही त्यातूनच जातो. दुसरे असे की टीव्हीच्या रिमोटने संगणक चालत नाही, कारण संगणकाच्या एचडीएमआयमध्ये सहसा ती सोय नसते. टचपॅड असलेला हाताएवढा वायरलेस कीबोर्ड घ्यावा. आमच्याकडे आता रिमोटच्या जागी तोच उशीखाली सापडतो.

प्रतिसाद (हिंगणघाट)

सरांनी व्होल्टेजचा मुद्दा अगदी बरोबर मांडला आहे, आणि तो मी आधीच सांगायला हवा होता. माझ्या जुळणीत एसएमपीएस घेताना त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले पाहूनच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. पण आय५-८५००टी मधले यूएचडी ६३० ग्राफिक्स चित्रपटांपुरते आहे. जीटीए फाइव्ह त्यावर ७२०पी या कमी स्पष्टतेवर आणि सर्वांत खालच्या सेटिंगवर ओढावा लागेल, आणि त्या यंत्रात नंतर ग्राफिक्स कार्ड लावायला जागा नसते. निर्णय असा करा: भाऊ वर्षातून दोन महिने घरी असेल आणि तेवढ्यापुरते ७२०पी चालणार असेल, तर सरांचा पर्याय घ्या आणि उरलेले पैसे मोठ्या डिस्कवर खर्च करा. तो गेमसाठी खरोखर उत्सुक असेल, तर ५६००जी घ्या. एक लक्षात असू द्या की २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव खूप चढले आहेत, त्यामुळे नागपूरच्या सीताबर्डीला किंवा यवतमाळला भाव विचारला तर तो त्याच दिवसापुरता धरा.

कापसाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ते मला फार महत्त्वाचे वाटते. मागच्या माघात एका शेतकरी कुटुंबाचा संगणक माझ्याकडे "आपोआप बंद होतो" या तक्रारीवर आला. पंखा सोडवला तेव्हा हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या, पात्यांवर रुईचा असा थर बसला होता की तो बोटांनी धरून, गादीतून काढावा तसा अखंड निघाला. त्याखाली पाती अगदी नवी होती आणि यंत्रात दुसरा काहीही दोष नव्हता. गंजी खोलीत असेपर्यंत दर पंधरा दिवसांनी संगणक पूर्ण बंद करून, बाहेर ओट्यावर नेऊन ब्लोअर मारा. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. ते मोकळे फिरले तर त्याचे बेअरिंग खराब होते.

मे महिन्यात खोलीचे तापमान ४० अंशांच्या आसपास जाते आणि प्रोसेसरचे तापमान नेहमी खोलीच्या तापमानावर चढते, म्हणून हिवाळ्यात ६० अंशांवर असलेला प्रोसेसर उन्हाळ्यात ८० च्या पुढे दिसला तर घाबरू नये. दुपारी गेम खेळू नये, एवढे भावाला सांगा. कूलरच्या थेट झोतात संगणक ठेवू नका. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात आणि त्या झोतातल्या तुषारांनी बोर्डावर पांढरी पुटे चढतात.

गेम उतरवण्यासाठी घरचा डेटा वापरू नका. जीटीए फाइव्हला १०० जीबीहून अधिक जागा लागते. भावाने वसतिगृहाच्या इंटरनेटवर तो स्टीममध्ये, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या ॲपमध्ये, उतरवावा आणि बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेऊन यावा. २०२३ पासून स्टीममध्ये एकाच घरातल्या दोन संगणकांत थेट गेम हलवण्याचीही सोय आहे, त्यामुळे त्याचा लॅपटॉप असेल तर काम आणखी सोपे होईल.

उपप्रश्न (दारव्हा)

दादा, सर, आपल्या सांगण्यावरून काल इलेक्ट्रिशियनला बोलावले. बैठकीतल्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये ६४ व्होल्ट निघाले. बोर्ड उघडला तेव्हा हिरवी तार मागे गुंडाळून तशीच सोडलेली होती. घर बांधल्यापासून ती कोणी जोडलीच नव्हती. ती जोडल्यावर आता २ व्होल्ट दाखवतो. भावाशी बोलले, त्याला ५६००जी हवा आहे. परंतु दुकानदार म्हणतो की ८ जीबीच्या दोन पट्ट्या सध्या नाहीत, १६ ची एकच आहे. तूर्त ती घ्यावी का?

प्रतिसाद (हिंगणघाट)

नाही ताई, घेऊ नका. त्याच्याकडे ८ ची एक असेल तर ती घ्या आणि तशीच दुसरी, त्याच कंपनीची व त्याच वेगाची, मागवायला सांगा. भाऊ उन्हाळ्याच्या सुटीत येईपर्यंत एका पट्टीवर आई-बाबांचे चित्रपट व्यवस्थित चालतील. दुसरी आली की मदरबोर्डवर पहिलीला लागून नव्हे, तर एक खाच सोडून बसवा. बोर्डाला दोनच खाचा असतील तर प्रश्नच नाही. आणि यूपीएस आधी घरी आणून बारा तास चार्ज करून ठेवा, संगणक त्यानंतर जोडा.